एका मुठीत दोन हात

१

कावळा नेमका कोणाच्या बोलण्यावर शिवला?

शिवमनं हे दहाव्याच्या दिवशी नदीवरच विचारलं. गुरुजींना विचारलं, बापाला विचारलं, परत येताना ट्रॉलीत बसलेल्या माणसांना विचारलं. "शिवला ना? मंग झालं," एवढंच सगळे म्हणाले. ज्याला त्याला घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायची घाई होती. त्यात विचारणारा आठवीतून शाळा सोडलेला, ट्रॅक्टर चालवणारा पोरगा. त्याला कोण मोजतो.

त्याचा थोरला भाऊ राजकुमार बुलढाण्याहून येताना चिखलीच्या पुढं मोटारसायकलवरून पडला. रस्त्यावर सांडलेल्या वाळूनं गाडी घसरली आणि तो जागीच संपला. मागं बायको सुचिता, चार वर्षांची रेवती, म्हातारे वडील शेषराव आणि हा धाकटा शिवम.

नदीच्या काठी पिंड मांडले आणि माणसं लांब सरकून बसली. बाभळीवर कावळे भरपूर होते, खाली एक येईना. जीव कशात तरी अडकलाय म्हणून मग रीतीप्रमाणं एकेकजण पुढं होऊन मेलेल्याला शब्द द्यायला लागला. शेषराव म्हणाले, "राजा, रेवतीचं शिक्षन मी करीन. लगन मी लावीन." कावळे हलले नाहीत. सुचिताचा भाऊ म्हणाला, "बहिनीले अंतर देनार नाही." शेजारचे नारायणराव म्हणाले, "वावराच्या कागदाचं सरळ होईल, मी मधात बसतो." एक कावळा निवांत चोच घासत राहिला. ऊन चढलं, तळपायाखाली वाळू पोळायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. ते गवत वळणारे हात पाहून, काही न ठरवता, शिवमच्या तोंडातून निघून गेलं,

"दादा, तुह्या कंप्युटरले मी कोनालेच हात लावू देनार नाही. रेवतीले त नाहीच."

मागं कोणीतरी हसलं, तसल्या वेळीही. शेषराव त्याच क्षणाला हात जोडून आणखी काहीतरी पुटपुटत होते. आणि कावळा उतरला.

२

घराची पुढची खोली रस्त्याकडं उघडणारी. तिच्यात टेबल, चाकाची खुर्ची, कंप्युटर, प्रिंटर, अंगठा घ्यायचं मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. दारावर पाटी, ‘राजकुमार ऑनलाइन सेवा’. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डातलं नाव, पोरांचे शाळेचे फॉर्म. दुसरबीडात ज्याला जे लागेल ते इथं निघायचं.

आणि रेवतीला, रांगायची थांबून चालायला लागल्यापासून, जगात दुसरं काही नकोच होतं. तिनं कंप्युटरच्या फटीत बिस्किट सारलं. पडद्याला आईचं कुंकू लावलं. एकदा कीबोर्डवर तांब्याभर पाणी ओतलं, का तर "त्याले तहान लागली होती." आजोबांनी तो कीबोर्ड वाळायला तुरीच्या डाळीत पुरला आणि सुचिताला त्या दिवशी पिठल्यावर भागवावं लागलं. एका म्हाताऱ्याचा अर्धवट फॉर्म तर तिनं एकच बटण दाबून पाठवूनही दिला. तो निस्तरायला राजकुमारनं तालुक्याला किती खेटे घातले, त्याचं त्यालाच ठाऊक.

त्यानं सगळं करून पाहिलं. कीबोर्ड माळ्यावर ठेवला, तर तिनं बाकडं ओढत नेलं. बटणांवर चिकटपट्टी लावली, ती सोलून तिनं बाहुलीच्या डोक्याला पट्टी बांधली. पासवर्ड घातला, तर ती त्याच्या बोटांकडं टक लावून बसायची आणि एक दिवस तिनं आजोबांना कंप्युटर उघडून दाखवला. मग त्यानं शेवटचा उपाय काढला. तिला मांडीवर घ्यायचं, तिची दोन्ही मनगटं आपल्या डाव्या मुठीत धरायची आणि उजव्या एका हातानं काम करायचं. मोठमोठे फॉर्म तो असे एका हातानं भरायला शिकला.

बाकड्यावरची माणसं म्हणायची, "काय बे राजकुमार, पोरीले अटक केली का?"

"जामीन आनला का कोनी?" तो मान न वळवता विचारायचा.

दारातून ट्रॅक्टर काढताना शिवम ओरडायचा, "दादा, दोन हात लाव, लवकर सुटशील."

"तुले दोन हात आहेत, तू काय दिवे लावले बे?"

रेवतीला ते धरून ठेवणंच आवडायचं. ती थोडी वळवळायची, मग त्याच्या छातीला डोकं टेकून पडद्याकडं पाहता पाहता झोपायची. झोपली तरी तो मूठ सोडत नसे.

३

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि घरातले आवाज मोजकेच उरले. भांड्यांचा, कूलरचा, शेषरावांच्या खोकल्याचा. शिवमला झोप लागत नव्हती. त्यानं कोणाला न विचारता भावाची मोटारसायकल भंगारवाल्याला देऊन टाकली, आणि सुचिता नुसती "देली का?" म्हणाली तेव्हा त्याला कळलं की तिला ती ठेवायची होती.

सुचिता बी.ए. झालेली होती. राजकुमार असताना कधीमधी फॉर्म भरायची. एका दुपारी ती त्याला म्हणाली, "भाऊजी, सेंटरचा आयडी माह्या नावावर व्हायले वेळ लागते म्हनते. अर्ज देला आहे. तवरक कंप्युटर नीट राह्यला पाह्यजे. तो बिघडला तर नवा कुठून आनू? घर चालवाचं तेवढंच आहे माह्याजोळ."

"मी पाहतो," शिवम म्हणाला. "शब्द देला मी."

त्यानं जीव लावून बंदोबस्त केला. सगळ्या वायरी काढून वर ठेवल्या. कंप्युटरवर चादर टाकली आणि ती पोत्याचं तोंड शिवावं तशी सुतळीनं बांधली. आतल्या दाराच्या उंबऱ्यावर आडवी फळी ठोकली. मग तो रेवतीची वाट पाहत ओसरीवर बसला. आज ना उद्या ती बाकडं ओढणार, सुतळी कुरतडणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. खरं सांगायचं तर त्याला ते हवंच होतं. तिच्यामागं धावण्यात दुपार निघून गेली असती.

ती आलीच नाही.

फळीच्या अलीकडं उभी राहून ती खोलीत पाहायची, तेवढंच. दोन्ही हात पुढं, एक मनगट दुसऱ्यावर ठेवलेलं. "शहानी झाली माही बाई," शेषराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसला.

शिवमनंच एकदा तिला छेडलं. "काऊन वं रेवे, कंप्युटर पाहाचा नाही का?"

"माहे हात रिकामे नाहीत," ती म्हणाली आणि आईकडं निघून गेली.

तो हसला. पण हसू फार वेळ टिकलं नाही.

४

नांगरटीचे दिवस होते. शिवम सकाळी ट्रॅक्टर घेऊन निघायचा, दुपारी येऊन जेवायचा आणि ओसरीवर आडवा व्हायचा. डोळे मिटले की रस्त्यावरची वाळू दिसायची, म्हणून तो डोळे उघडे ठेवून घर ऐकत पडायचा.

त्या दुपारी लाइन गेली. कूलर घरघरत थांबला आणि सगळीकडं शांत झालं. त्या शांततेत पुढच्या खोलीत खुर्ची बोलली.

त्या खुर्चीला एक खोड होती. रिकामी ढकलली तर ती गप्प असायची. मोठ्या माणसानं पाठ टेकली की तिची स्प्रिंग एकदा करकरायची. रेवतीच्या वजनाला ती कधी दाद द्यायची नाही.

वहिनी बसली असेल, त्याला वाटलं. पण सुचिता मागं मोरीत भांडी घासत होती. राखेची खसखस त्याला स्पष्ट ऐकू येत होती. तो उठला.

फळी जागेवर होती. चादर तशीच, सुतळीची गाठ त्यानं मारलेलीच. खुर्चीवर रेवती बसली होती, अगदी पुढच्या कडेवर, जिथून लहान पोर घसरतंच. तिच्या पाठीमागं मोठं माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. मनगटं एकावर एक. डोकं मागं कललेलं, आणि ते कशालाच टेकलेलं नव्हतं.

"इथं काय करून राह्यली?" तो म्हणाला. "उठ."

"सोडल्यावर उठतो."

"कोनं सोडल्यावर?"

इतकं साधं याला कसं कळत नाही, अशा नजरेनं तिनं त्याच्याकडं पाहिलं.

त्यानं तिला काखेत धरून उचललं. पोर नेहमीएवढीच हलकी. पण तिचे हात तिच्यासोबत लगेच आले नाहीत. जरा मागं राहिले, ताणले गेले, आणि मग सुटले; घाई नसलेल्या माणसानं मूठ एकेक बोट करून उघडावी तसे. तिला कडेवर घेऊन फळी ओलांडताना मागं खुर्ची पुन्हा करकरली.

स्प्रिंग आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. ट्रॅक्टरच्या सीटलाही असते. उठलं की तीही बोलते. संध्याकाळी त्यानं खुर्ची उलटी करून तिला भरपूर ऑइल दिलं. पोरांच्या खेळाला काय, काहीही खेळतात. बाप आठवत असेल, बसली असेल तशी. हे सगळं त्याला पटलंही. फक्त त्या दिवसापासून तो रेवतीला उचलताना आधी तिच्या हातांकडं पाहायला लागला.

५

हात हळूहळू थांबले. एका दिवसात झालं असतं तर घर हादरलं असतं. हे तसं झालं नाही. आधी ती म्हणाली, आई, भरव. बाप गेलेल्या पोरीला कोण नाही म्हणणार. मग तिनं बाहुली उचलायची सोडली. मग नळाखाली हात धरायची सोडली. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, चित्र काढायला खडू दिला तर घेत नाही, हाताची घडी घालून बसते, गुणाची आहे. गावच्या डॉक्टरांनी हात वरखाली केले, गुडघ्यावर ठोकलं आणि सांगितलं, अशक्तपणा आहे, टॉनिक द्या. टॉनिकही सुचितानंच चमच्यानं पाजलं.

अंगणात तिला मांडीवर घेऊन बसला असताना शिवमला ते दिसलं. उन्हानं पोर रापली होती, पण मनगटांभोवती कातडी पांढुरकी राहिली होती, जशी तिथं ऊन लागलंच नव्हतं. बांगडीची खूण बारीक असते. हा पट्टा रुंद होता. त्यानं आपली मूठ त्यावर बसवून पाहिली. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरून धरून त्याची मूठ काही लहान नव्हती. तरी पट्टा एका बोटानं उरला.

राजकुमारचे पंजे मोठे होते. लहानपणी शिवम त्या पंजाला पंजा लावून कधी पुरा पडला नव्हता.

जेवताना तो शेषरावांना म्हणाला, "बाबा, नदीवर मी कंप्युटरचं बोललो, तवाच उतरला ना कावळा? का तुमी बोलले तवा?"

"जेव बे."

"सांगा ना."

शेषरावांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. "पोटचा पोरगा गेला माहा. तुले कावळ्याचं पडलं."

मग शिवम सुचिताकडं गेला. "वहिनी, तो कंप्युटर इकून टाकू. मी ट्रॅक्टरवर जास्तीची कामं धरतो. घर मी चालवतो."

"मोटारसायकल इकली तसा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग करायला लागते तेवढी ताकदसुद्धा त्या घरात कोणाकडं उरली नव्हती. "मले या पोरीले घेऊन उभं राहाचं आहे, भाऊजी. तुमचं उद्या लगन होईल. मंग?"



६

आयडी आला. सुचितानं स्वतः सुतळी सोडली, चादर घडी करून ठेवली. शिवमनं वायरी जोडल्या. टेबल पुसून तिनं अगरबत्ती लावली, पडद्यावर उजेड आला आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून नारायणराव बाकड्यावर बसले.

"काढ पोरी सातबारा. राजकुमारच्या हातचा गुन तुह्या हाताले येऊ दे."

ती खुर्चीवर बसली. हात मांडीवर होते. पंखा फिरत होता, नारायणराव टोपीनं वारा घेत होते, आणि ती पडद्याकडं पाहत होती. बराच वेळ गेला. शिवम दारात उभा होता. त्याला दिसत होतं की तिचं उजवं मनगट डाव्यावर टेकलेलं आहे.

"आज सर्व्हर डाऊन आहे, काका," ती म्हणाली. "उद्या या."

सर्व्हर डाऊन म्हटलं की गावात पुढचं कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशीही तो डाऊनच होता. मग नारायणरावांनी मेहकरच्या बसचा रस्ता धरला. बाकीचेही एकेक करून दुसरीकडं जायला लागले. बाकडं मोकळं पडलं. सुचिता तरी रोज बसायची. सकाळचा स्वयंपाक उरकला की बसायची, मग उरकायच्या आधीच बसायला लागली. ती जेवायला उठली की खुर्चीवर रेवती.

"वहिनी, काय होते?" शिवमनं विचारलंच.

"हात उचलत नाहीत."

"दुखते का?"

"नाही." ती पडद्याकडंच पाहत होती. "घट्ट नाही धरत. इतक्या दिवसांत आता कुठं जरा बरं वाटते. उठतो मी. कामं पडली आहेत. जरासं बसू द्या."

कोण धरतं, हे त्यानं विचारलं नाही. तिच्या तोंडून ते नाव ऐकायची त्याची तयारी नव्हती. तो मागच्या मागं सरकला आणि फळीला अडखळून पडता पडता वाचला. आत खुर्ची करकरली. दुसऱ्यांदा ऑइल देऊन आठवडाही झाला नसेल.

त्या दुपारी ओसरीवर पडून तो स्वतःशी हिशोब जुळवत राहिला. दुःखानं माणसाचे हातपाय गळतात. त्यानं पाहिलेलं आहे. आईचं पाहून पोरगी करते. पोरीचं पाहून आई करते. पण पोरीनं तर आधी केलं. आणि तो रोज त्याच कंप्युटरची धूळ झटकतो, वायरी जोडतो, त्याचे हात का मोकळे? राखणदाराचे हात कोणी कशाला धरेल, असं मनात आलं आणि तो उठून बसला.

७

दुसऱ्या दिवशी तो वावरात गेलाच नाही. भात शिजवून घेतला, ट्रॅक्टर नदीवर नेला आणि त्याच जागी पत्रावळ मांडली.

"दादा," तो म्हणाला, "मी बोललो ते सोडून दे. मी आठवी नापास मानूस, मले बोलाची अक्कल नाही. लोकं चांगले चांगले शब्द देत होते, मी भलतंच बोललो. वापस घेतो."

बाभळीवर कावळे होते. सगळे त्याच्याकडं तोंड करून.

"रेवतीले खेळू दे. वहिनीले काम करू दे. दादा, आयक ना."

साळुंक्या आल्या, भाताची शितं घेऊन गेल्या. एक कुत्रं आलं, त्याला त्यानं हाकललं नाही. कावळे पाहत राहिले. वाळू तापली, मग पोळायला लागली. तो बोलत राहिला, शिव्या देत राहिला, रडत राहिला. कुत्र्यानं पत्रावळ चाटून पुसून साफ केली तरी बाभळीवरची एक फांदी हलली नव्हती.

८

ओसरीवर पाय ठेवला तोच करपलेल्या दुधाचा वास आला. आणि त्याच्याखाली दुसरा वास. शेषराव बाजेवर घोरत होते. शिवम धावला. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस फुसफुसत होता. त्यानं बटण फिरवलं, खिडकी उघडली, मागचं दार उघडलं, सिलिंडर उचलून अंगणात नेऊन ठेवला. मग तो पुढच्या खोलीत गेला.

लाइन गेलेली होती. रस्त्याकडचं दार लावलेलं. गिऱ्हाईक यायचं थांबल्यापासून ते उघडतच नसत. अर्धवट उजेडात सुचिता खुर्चीच्या कडेवर बसली होती, तिच्या मांडीवर रेवती. चार मनगटं एकावर एक ठेवलेली. दोघींची डोकी मागं कललेली, मागं काही नसताना.

"वहिनी, ग्यास चालू होता."

"हाव," ती म्हणाली. "वास आला."

"मंग?"

"हात सुटले की उठनारच होतो."

तो रेवतीला ओढायला गेला. पोर ओढली गेली, आई ओढली गेली, चाकांवर खुर्ची पुढं आली. हात सुटले नाहीत. रेवती रडली नाही. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते, झोप येताना असायचे तसे. शिवमला राग आला. भाऊ गेल्यापासून तो स्वतःवर रागावला होता, वाळूवर, गाडीवर, कावळ्यांवर. भावावर तो त्या क्षणी पहिल्यांदा रागावला.

"सोड बे," तो म्हणाला. थोरल्या भावाला त्यानं आयुष्यात कधी बे म्हटलं नव्हतं. "त्याईले सोड. हात त मी लावतो. हे पाह्य." आणि त्यानं वाकून दोन्ही पंजे सगळ्या कीबोर्डवर आपटले. बटणं कडकडली, एक निघून टेबलाखाली गेलं. त्यानं पुन्हा आपटले. "मी लावला. शब्द मी मोडला. धराचं त माहे धर."

चार हात सुटले. माय-लेकी खुर्चीवरून घसरून फरशीवर आल्या. आणि त्या दोघींपैकी कोणी परत चढायच्या आत शिवम त्या खुर्चीवर बसला, मनगटं जोडून, त्यांनी बसावं तसा पुढच्या कडेवर.

खुर्ची करकरली. ती त्याच्या वजनानं. मग, तो हलला नसताना, आणखी एकदा.

समोरचा पडदा काळा होता आणि त्यात मागच्या खिडकीचा उजेड पडला होता. त्यात शिवमला स्वतःचं तोंड दिसलं. जिथं दिसायला हवं होतं त्याच्यापेक्षा ते वर होतं, कोणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं. त्याच्या खांद्यामागं काही होतं. त्यानं ते नीट पाहिलं नाही. मनगटांभोवती ऊब आली होती. घट्ट नव्हती. सुचिता खरं बोलत होती, बरं वाटत होतं. इतकं बरं, की नदीवरून येताना डोळ्यांत साठलेली सगळी जाग एकदम उतरायला लागली आणि डोकं आपोआप मागं जायला लागलं.

"अगं बाई, ग्यास," सुचिता झोपेतून उठल्यासारखी म्हणाली, आणि साडी सावरत आत पळाली. तिच्या मागं रेवती. आत खिडक्या आपटल्या, शेषराव जागे होऊन काय झालं काय झालं म्हणायला लागले. मग न्हाणीत बादलीत छपछप झाली. स्टीलचा डबा खाली पडला, त्याचं झाकण गोल फिरत राहिलं. "रेवे, पीठ सांडलं ना," सुचिता ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला हसू की रडू आलं ते इथून कळेना. "भाऊजी, चहा ठेवू का? भाऊजी?"

त्याला हाव म्हणायचं होतं.

बारीक पावलं परत आली. मान वळवून त्यानं पाहिलं. फळीच्या पलीकडं रेवती उभी होती, कोपरापर्यंत ओली, नाकावर पीठ, आणि डोळ्यांत तीच जुनी चमक, जिच्यापायी डाळीत कीबोर्ड पुरायची वेळ आली होती. ती कंप्युटरकडं पाहत होती. तिनं फळीवर एक पाय टाकला.

"काका, मी एकच बटन दाबतो."

"नाही वं, रेवे."

"एकच." ओलं बोट पुढं करून ती फळीवर चढली.

हात उचलत नव्हते. पाय त्याचे होते. त्यानं फरशीला टाचा लावल्या आणि सारा जोर करून खुर्ची मागं रेटली. एका माणसाच्या वजनानं असावी त्याहून ती जड होती, पण सरकली. आतल्या दाराचा खोलीत उघडणारा पल्ला पाठीत आला, खुर्चीसकट मागं गेला. फळीवरून रेवती पलीकडं उतरल्याचा धप्प आवाज आला, आणि दार लागलं.

"काका, उघड ना."

दोन्ही तळव्यांनी ती दारावर थापा मारायला लागली, ओल्या, सपसप, एकामागून एक. शिवमनं खुर्चीची पाठ दाराला भिडवली, फरशीच्या सांध्यात टाचा रोवल्या आणि गुडघे ताठ केले.